एफआरपी, डब्ल्यूटीओ आणि एक अतारांकित प्रश्न: शिरोळ तालुक्यातले एक प्रकरण

या प्रकरणातले गाव, कारखाना, शेतकरी आणि खासदार ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. बाकी घटनाक्रम, त्यात घेतलेले निर्णय आणि त्यांची कारणे इथे सविस्तर मांडली आहेत. ऊस पिकवणारे एखादे गाव देशाच्या संसदेपर्यंत कसे पोहोचते, तिथे त्याला काय मिळते आणि काय मिळत नाही, हे यातून बरेच स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

उसाला रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. २०२४–२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) क्विंटलमागे ३४० रुपये होता. उतारा त्याहून जास्त असेल तर दरही वाढतो, आणि कोल्हापूर जिल्ह्याचा उतारा राज्यात वरच्या क्रमांकात असल्यामुळे इथे टनामागे हिशेब मोठा होतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ सांगतो की ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत बिल जमा झाले पाहिजे, नाहीतर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज. राज्य सरकारने २०२२ मध्ये ही रक्कम दोन टप्प्यांत द्यायला मुभा दिली. त्या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले होते आणि आपण ज्या काळाबद्दल बोलतो आहोत तेव्हा निकाल लागलेला नव्हता.

दुसरा धागा जिनिव्हाचा. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जिनिव्हात मुख्यालय असलेल्या जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) भारताविरुद्ध तक्रार केली. भारत ऊस उत्पादकांना मर्यादेबाहेर आधार देतो आणि साखर निर्यातीला मनाई असलेले अनुदान देतो, असे त्यांचे म्हणणे होते. अनुदान खरोखरच होते. २०१९–२० च्या हंगामात केंद्राने ६० लाख टन साखरेच्या निर्यातीसाठी टनामागे १०,४४८ रुपये मंजूर केले होते. डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलचा, म्हणजे संघटनेत हा तंटा ऐकणाऱ्या मंडळाचा, अहवाल आला आणि तो भारताच्या विरोधात गेला. २०१४–१५ ते २०१८–१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडतो, असा निष्कर्ष त्यात आहे.

हा १० टक्क्यांचा हिशेब कसा होतो हे आपल्या शेतकऱ्याला कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. संघटनेच्या शेतीविषयक करारात सरकारने ठरवलेल्या दराची तुलना १९८६–८८ च्या काळातल्या संदर्भ किमतीशी केली जाते. त्या वेळचा दर आणि आजचा दर यांतला फरक गुणिले उत्पादन, तो झाला 'आधार'. मधल्या काळात डिझेल, खत, मजुरी कुठल्या कुठे गेली याला त्यात जवळजवळ जागा नाही. भारताने असेही सांगितले की एफआरपीचा एक रुपयाही सरकार देत नाही, तो कारखाना देतो, मग हा सरकारी आधार कसा? पॅनेलने ते मान्य केले नाही. सरकारने दर ठरवला एवढे त्यांना पुरेसे होते.

भारताने लगेच अपील केले. पण ज्या मंडळाने अपील ऐकायचे ते डिसेंबर २०१९ पासून बंद पडले आहे, कारण अमेरिका नव्या सदस्यांच्या नेमणुका होऊ देत नाही. अपील पडून असेपर्यंत पॅनेलचा अहवाल स्वीकारला जात नाही. म्हणजे निकाल विरोधात आहे, पण तो लागू झालेला नाही.

अडचण

हंगाम भरात असताना एका कारखान्याच्या गट सभेत बिलाचा विषय निघाला. पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, जमा झाली होती, उरलेली रक्कम कधी येणार ते कुणी सांगत नव्हते. व्यासपीठावरून उत्तर आले: "डब्ल्यूटीओनं एफआरपीवर बोट ठेवलंय. त्यामुळं निर्यात बंद झाली, गोदामात साखर पडून आहे. एकरकमी कुठनं द्यायची?"

सभा तिथेच गप्प झाली. स्थानिक राजकारणातले आरोप-प्रत्यारोप असते तर लोक भांडले असते. जिनिव्हाचे नाव आले की भांडायचे कुणाशी?

गावातली काही तरुण मुले आणि दोन वडीलधारे शेतकरी कोल्हापुरात आमच्या अभ्यासगटाकडे आले. गट लहान आहे: निवृत्त प्राध्यापक, वकील आणि शिवाजी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणारे काही विद्यार्थी. आलेल्या शेतकऱ्यांपैकी एका अण्णांनी विचारलेला प्रश्न आम्ही वहीत जसाच्या तसा लिहून घेतला. "सर, तिकडं जिनिव्हात बसून आमच्या उसाचा दर कोण ठरवतंय? आनि आम्ही निवडून दिल्यालं तिथं कोण हाय का न्हाई?"

प्रामाणिक उत्तर असे आहे की निवडून दिलेले तिथे कुणी नाही. आपल्याकडे परदेशाशी करार करणे हे सरकारचे काम आहे. घटनेचे अनुच्छेद ७३ सरकारला तो अधिकार देते, आणि अनुच्छेद २५३ करार अमलात आणण्यासाठी संसदेला कायदा करू देते. करारावर सही करण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे घटनेत कुठेही नाही. १९९४ मध्ये माराकेशला जागतिक व्यापार संघटनेचा करार झाला तोही असाच. त्याच्या मसुद्यावर, म्हणजे डंकेल प्रस्तावावर, गावोगाव सभा झाल्या होत्या, पण लोकसभेत त्या करारावर मतदान होऊन मग सही झाली असे घडले नाही.

म्हणून संसदेत जाऊन काही उपयोग नाही असा अर्थ काढणे सोपे होते, आणि आमच्यातल्या काहींनी तो काढलाही. माझे मत तेव्हाही वेगळे होते. सही सरकार करत असेल, पण त्या सहीचा आणि त्यानंतरच्या प्रत्येक पावलाचा जाब मागण्याची जागा संसदच आहे. हा जाब आपण मागत नाही, ही खरी अडचण आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुलांच्या ओठावर तयार होता: महामार्ग रोखायचा. जिल्ह्याला ऊस आंदोलनाची मोठी परंपरा आहे आणि त्यातून दर मिळालेले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या वेळी मागणी कुणाकडे करायची हेच ठरत नव्हते. कारखाना म्हणत होता जिनिव्हा, आणि जिनिव्हाला जाणारा रस्ता शिरोलीच्या नाक्यावरून अडवता येत नाही.

दुसरा पर्याय लोकसभेच्या याचिका समितीचा. सामान्य नागरिकाला थेट सभागृहापुढे म्हणणे मांडण्याचा हा मार्ग फार कमी लोकांना माहीत आहे. याचिका मराठीत लिहिता येते, सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सहीसह जोडावे लागते आणि एका खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. मात्र जो विषय न्यायालयात आहे, किंवा ज्यावर कायद्यात दुसरा उपाय उपलब्ध आहे, तो तिथे चालत नाही. थकीत एफआरपीवर साखर आयुक्तांकडे दाद मागता येते, आणि टप्प्यांचा विषय उच्च न्यायालयात होता. म्हणजे आमची याचिका दोन्ही कारणांनी अडकली असती.

तिसरा पर्याय स्थायी समित्यांचा. मंत्रालयांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. व्यापाराचा विषय वाणिज्य समितीकडे, साखरेचा विषय अन्न व सार्वजनिक वितरणाच्या समितीकडे. समित्या पक्षभेद बाजूला ठेवून खोलात जातात, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात. पण त्या आपला विषय आपण निवडतात. निवेदन पाठवता येते, वेळेची खात्री नसते.

चौथा पर्याय विद्यापीठातल्या एका मुलीने मांडला आणि तो ऐकून बैठकीतली मरगळ गेली. तक्रार करणाऱ्या देशांतही ऊस पिकवणारे शेतकरी आहेत, त्यांचेही खासदार आहेत. खासदार खासदारांशी बोलत नाहीत का? बोलतात. आंतरसंसदीय संघ १८८९ पासून आहे, त्याचे मुख्यालय जिनिव्हातच आहे. भारतात त्याचे काम भारतीय संसदीय गट पाहतो, आणि लोकसभेचे अध्यक्ष हे या गटाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. एवढेच नव्हे, आंतरसंसदीय संघ आणि युरोपीय संसद मिळून जागतिक व्यापार संघटनेवर एक संसदीय परिषद भरवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अबुधाबीत मंत्रिस्तरीय बैठक झाली तेव्हा तिच्या जोडीने ही परिषदही झाली. वेगवेगळ्या देशांचे निवडून आलेले लोक तिथे व्यापाराच्या नियमांवर बोलतात. तिथले ठराव कुणावर बंधनकारक नसतात, हे मात्र आधीच सांगायला हवे होते आणि ते आम्ही सांगितले.

पाचवा पर्याय सगळ्यांत साधा होता: लोकसभेत लेखी प्रश्न. दिवसाला २० तारांकित प्रश्नांची यादी लागते, त्यांतल्या मोजक्यांनाच तोंडी उत्तर मिळते. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० पर्यंत असतात आणि त्यांचे उत्तर लेखी येते. तारांकित प्रश्नाला मान जास्त. पण आम्हाला भाषण नको होते, कागद हवा होता.

निर्णय आणि कृती

गटाने प्रश्नाचा मार्ग धरला आणि सोबत संसदीय परिषदेसाठी एक पानी टिपण करायचे ठरवले. रस्त्यावर उतरायचे की नाही हा निर्णय गावाचा होता. गावाने उत्तर येईपर्यंत थांबायचे ठरवले.

पहिला निर्णयबिंदू खासदार कोण, हा होता. प्रश्न आपल्याच मतदारसंघाच्या खासदाराने विचारावा असा नियम नाही. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ सदस्य जातात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या भागात ऊस आहे. आमच्या भागात कारखाना, बँक, दूधसंघ आणि निवडणूक यांचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की कोणत्याही स्थानिक नेत्याकडे गेलो असतो तरी प्रश्नाला गटबाजीचा वास आला असता. म्हणून राज्यातल्या दुसऱ्या ऊसपट्ट्यातल्या एका खासदारांच्या कार्यालयाशी बोललो. त्यांच्या स्वीय सहायकांनी पहिल्याच फोनवर सांगितले, "मागणीपत्र नको, प्रश्न द्या. आणि १५ दिवस आधी द्या." नियमाप्रमाणे प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी जावी लागते. अर्थसंकल्पी अधिवेशन मधल्या सुटीमुळे दोन भागांत होते, त्यामुळे दुसऱ्या भागाचे दिवस धरून काम करता आले.

दुसरा निर्णयबिंदू मसुद्याचा, आणि खरी मेहनत इथे होती. मुलांनी लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "डब्ल्यूटीओच्या दबावाखाली येऊन सरकार एफआरपी मोडीत काढत आहे काय, आणि ऊस उत्पादकांवरचा हा अन्याय सरकार कधी थांबवणार आहे?" मनातला राग त्यात पुरेपूर उतरला होता, पण असा प्रश्न लोकसभा सचिवालय स्वीकारत नाही. प्रश्नात युक्तिवाद, आरोप, अनुमान नसावे, मत विचारू नये, तो साधारण १५० शब्दांच्या आत असावा, असे नियम आहेत. शिवाय भारतातल्या न्यायालयात जो विषय चालू आहे त्यावर माहिती मागता येत नाही. म्हणून दोन टप्प्यांतल्या एफआरपीचा एकही शब्द प्रश्नात ठेवायचा नाही असे वकिलांनी सुचवले. गावाला ते पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या दृष्टीने मुद्दा तोच होता. पॅनेलचे मात्र तसे नाही. जिनिव्हातले पॅनेल हे भारतातले न्यायालय नव्हे, त्यामुळे त्या अहवालाबद्दल विचारायला हरकत नव्हती.

तिसरा निर्णयबिंदू मंत्रालयाचा. व्यासपीठावरच्या त्या एका वाक्यात खरे तर तीन दावे होते: डब्ल्यूटीओने एफआरपी अडवली, त्यामुळे निर्यात थांबली, आणि निर्यात थांबल्यामुळे पैसे नाहीत. पहिला विषय वाणिज्य मंत्रालयाचा, दुसरा मुख्यतः अन्न व सार्वजनिक वितरण विभागाचा, तिसरा कारखान्याच्या ताळेबंदाचा. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असतो. एकाच प्रश्नात सगळे कोंबले असते तर एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले असते. म्हणून दोन प्रश्न केले.

वाणिज्य मंत्र्यांना: पॅनेलचा अहवाल स्वीकारला गेला आहे काय, अपिलाची सद्यस्थिती काय, आणि त्या अहवालामुळे एफआरपी ठरवण्याच्या पद्धतीत कोणता बदल केला आहे काय. अन्न मंत्र्यांना: साखर निर्यातीवर सध्या असलेले निर्बंध कोणत्या आदेशाने आणि कोणत्या कारणासाठी आहेत, आणि गेल्या तीन हंगामांत किती निर्यातीला परवानगी दिली. एवढेच. विशेषणे सगळी गेली.

पहिल्यांदा दोन्ही प्रश्न क्रम ठरवणाऱ्या सोडतीत मागे पडले. दुसऱ्या वेळी अतारांकित म्हणून यादीत आले.

एक पानी टिपण त्या विद्यार्थिनीने लिहिले. त्यात १९८६–८८ च्या संदर्भ किमतीचा मुद्दा आणि शेतकऱ्याला सरकारी तिजोरीतून न मिळणाऱ्या दराला 'आधार' मानण्याचा मुद्दा, एवढ्या दोनच गोष्टी होत्या. ते खासदारांमार्फत भारतीय संसदीय गटाच्या कार्यालयाकडे गेले.

निष्पत्ती

उत्तरे छोटी होती आणि कोरडी होती, पण जे हवे होते ते त्यांत होते. पॅनेलच्या निष्कर्षांचा साखर क्षेत्रातल्या चालू धोरणांवर परिणाम होणार नाही, ही सरकारची २०२१ पासूनची भूमिका लेखी पुन्हा आली. अहवाल अपिलामुळे स्वीकारला गेलेला नाही, हेही आले. निर्यातीबद्दलचे उत्तर तर व्यासपीठावरच्या विधानाच्या अगदी उलट होते. जून २०२२ पासून साखर निर्यात निर्बंधित यादीत आहे, आणि ती आपल्याच सरकारने देशात साखर पुरेशी राहावी, दर वाढू नयेत म्हणून टाकली. त्याआधीच्या २०२१–२२ च्या हंगामात भारताने निर्यात अनुदान नसतानाही सुमारे ११० लाख टन साखर बाहेर पाठवली होती. २०२३–२४ मध्ये परवानगीच नव्हती, आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना मिळाली. जिनिव्हाने निर्यात रोखली, हे खरे नव्हते.

उत्तराच्या छापील प्रती पुढच्या गट सभेत वाटल्या गेल्या. लोकसभेच्या कागदावर मंत्र्यांच्या नावाने आलेले उत्तर हातात असले की बोलणाऱ्याचा आवाज बदलतो, हे त्या दिवशी दिसले. वाद झाला, पण कारखान्याच्या खर्चावर, कर्जावर आणि सहवीजनिर्मितीच्या उत्पन्नावर झाला. तो तिथेच व्हायला हवा होता. दरम्यान मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने राज्य सरकारचा दोन टप्प्यांचा निर्णय रद्द केला. त्यानंतर उरलेली रक्कम जमा झाली. ती निकालामुळे आली की सभेतल्या दबावामुळे, हे वेगळे करून सांगता येत नाही, आणि श्रेय घेण्याची कुणाला घाईही नव्हती.

टिपणाची फक्त पोच आली. परिषदेत ते कुणी मांडले असा दावा करता येत नाही. पण त्याच्या निमित्ताने विद्यार्थिनीने ऑस्ट्रेलियाच्या संसदेचे कामकाज वाचले, आणि ते आमच्या सगळ्यांच्या फार उपयोगी पडले. तिथे १९९६ पासून करारांसाठी दोन्ही सभागृहांची एक संयुक्त समिती आहे. करार बंधनकारक होण्यापूर्वी तो संसदेपुढे ठेवला जातो, समिती चौकशी करते आणि कोणताही नागरिक किंवा संघटना तिला लेखी म्हणणे पाठवू शकते. एप्रिल २०२२ मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियाचा व्यापार करार झाला तेव्हाही त्या समितीने चौकशी केली, आलेली निवेदने प्रसिद्ध केली. त्या करारात भारताने साखर सवलतींबाहेर ठेवली, ही आपल्या ऊस उत्पादकासाठी चांगली गोष्ट झाली. पण त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या शेतकऱ्याला आपल्या संसदेत बोलायची जागा होती आणि शिरोळच्या शेतकऱ्याला नव्हती. हे मला अजूनही खुपते.

वेगळे काय करता आले असते

स्थायी समित्यांकडे निवेदन त्याच वेळी पाठवायला हवे होते. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुटीत समित्या खात्यांच्या अनुदान मागण्या तपासतात, अधिकारी समोर असतात. साखरेच्या खात्याला विचारायला त्याहून चांगली वेळ वर्षात येत नाही. प्रश्न आणि निवेदन हे एकमेकांना पर्याय नाहीत, दोन्ही सोबत जाऊ शकतात.

प्रश्नात एक भाग वाढवता आला असता: अपील मंडळ पुन्हा सुरू झाले आणि निकाल विरोधात गेला तर सरकारची तयारी काय? कल्पनेवर आधारलेला प्रश्न नाकारला जाण्याची भीती होती म्हणून तो गाळला. पण "या विषयावर कोणता अभ्यासगट नेमला आहे काय" असे विचारले असते तर ते नियमात बसले असते. मंत्री "विचाराधीन आहे" म्हणाले असते तरी ते आश्वासन ठरले असते, आणि सरकारने दिलेली आश्वासने साधारण तीन महिन्यांत पुरी झाली का हे पाहायला लोकसभेची वेगळी समिती आहे.

गावाला सुरुवातीलाच एक पान साध्या मराठीत लिहून द्यायला हवे होते. प्रश्नातून टप्प्यांचा मुद्दा का काढला हे तोंडी सांगितल्यामुळे काही जणांना आपला विषयच सोडून दिला असे वाटत राहिले, आणि ती नाराजी उत्तर आल्यावरही पूर्ण गेली नाही.

आता गट आणि गाव मिळून नवा मसुदा करत आहेत. त्यात उसाचा उल्लेख एका ओळीपुरता आहे. मागणी अशी आहे की शेतीमालावर परिणाम करणारा कोणताही व्यापार करार सहीपूर्वी संबंधित स्थायी समितीपुढे ठेवावा आणि तिने शेतकरी संघटनांचे म्हणणे लेखी घ्यावे. न्यायालयात हा विषय नाही, कायद्यात दुसरा उपाय नाही, त्यामुळे या वेळी याचिका समितीचे दार उघडे आहे. हिंदी भाषांतर झाले आहे. प्रतिस्वाक्षरी एकाच खासदाराची घ्यावी, की दोन वेगळ्या पक्षांच्या खासदारांना सोबत आणण्यासाठी आणखी एक अधिवेशन थांबावे, यावर अजून चर्चा चालू आहे. अण्णांचे मत थांबू नये असे आहे.